संगणकाच्या खोलीची किल्ली

पोलादपूरहून उमरठच्या रस्त्याला लागले की कापडे बुद्रुक लागते. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. कापडे मात्र बाहेरच्या माणसाला वाटेवरचे एक नाव. मागे सह्याद्रीची भिंत, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, भाताचे एकच पीक आणि घरटी कोणीतरी मुंबईला. या मुलखातील गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे असतात. देवळाचे पत्रे, शाळेची बाके, मुलांच्या वह्या हे सारे पुष्कळदा त्या मंडळांकडूनच येते. आता समजा, एखाद्या मंडळाने ठरवले की यंदा वह्यांऐवजी शाळेला दहा संगणक आणि इंटरनेटची जोडणी द्यायची. टेम्पो आला, नारळ फुटला, फोटो निघाला. पुढे काय होते?

'पुढे'चा हा अनुभव आपल्या देशाला चाळीस वर्षांचा आहे. तो उलगडून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र कोणते होते यापेक्षा ते ज्या खोलीत ठेवले तिची किल्ली कोणाकडे होती, यावर मुले काय शिकली हे पुष्कळसे ठरत गेले.

आरंभ १९८४-८५ सालचा. केंद्र सरकारचे शिक्षण खाते, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि एनसीईआरटी यांनी मिळून शाळांसाठी संगणक साक्षरतेची 'क्लास' नावाची योजना आखली. पहिल्या वर्षी सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या. यंत्र होते ब्रिटनमधले 'बीबीसी मायक्रो'. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ च्या अखेरीस बाजारात आणले होते आणि बीबीसी दूरचित्रवाणीवरील संगणक साक्षरतेच्या मालिकेमुळे तिकडच्या शाळांत ते घरच्यासारखे झाले होते. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. आजच्या युनिकोड पद्धतीत एका मराठी अक्षरचिन्हाला साधारणपणे तीन बाइट लागतात. म्हणजे तुम्ही वाचत असलेला हा लेख साठवला तरी ती स्मृती जवळपास भरून जावी! पुढच्या काही वर्षांत अशी सुमारे १२,००० यंत्रे देशातील शाळांत पोचली.

ज्यांनी ती यंत्रे पाहिली आहेत त्यांना वेगळी बंद खोली, खिडक्यांना पडदे, यंत्रावर कापडी खोळ आणि दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला आठवतील. या सोवळ्याला आपण हसतो, पण त्याला सबळ कारण होते. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. ती हरवली वा मोडली तर जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो. ज्या वस्तूची किंमत आपल्या वर्षाच्या पगाराहून मोठी, तिच्यावर चाळीस मुलांना हात टाकू देणारा मुख्याध्यापक धाडसीच म्हटला पाहिजे. तेव्हा कुलूप लागले ते बहुतेक ठिकाणी नोंदवहीच्या धाकाने. अज्ञानाला उगाच दोष देण्यात अर्थ नाही. जे एकदोन शिक्षक प्रशिक्षण घेऊन आले त्यांच्याकडे किल्ली राहिली. त्यांची बदली झाली की किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे.

दुसरे कुलूप दिसत नव्हते. ते भाषेचे होते. पडद्यावर येणारा प्रत्येक शब्द इंग्रजी. देवनागरी अक्षरे संगणकावर आणण्याचे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले होते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ते 'जिस्ट' कार्डाच्या रूपाने बाजारात आणले. हे कार्ड संगणकाच्या पेटीत बसवले की पडद्यावर मराठी उमटे. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण वेगळे कार्ड किंवा विकतचा फाँट न घालता मराठी लिहिता यावे ही सोय सर्वसामान्य संगणकात, म्हणजे विंडोजमध्ये, यायला २००० साल उजाडले. सोळा वर्षे आपण ग्रामीण मुलाला जे यंत्र दाखवत होतो त्याला त्या मुलाचे नावही त्याच्या लिपीत लिहिता येत नव्हते. या एका गोष्टीने किती मुलांना यंत्रापासून दूर ठेवले असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत, आणि तेही मोजक्या मोठ्या शहरांत. दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट. एक मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे ८० लाख बिट. भागाकार करून पाहा, चौदा मिनिटे लागतात. वर्गात करून घेण्याजोगे हे छान गणित आहे. आठवीच्या मुलांना आजच्या फोनचा वेग देऊन तेच गणित पुन्हा घालावे.

कुलपाचा प्रश्न कोणी उघडपणे मांडला असेल तर तो सुगत मित्रा यांनी. दिल्लीच्या कालकाजी भागात एनआयआयटी या संगणक कंपनीच्या कचेरीला लागून झोपडवस्ती होती. २६ जानेवारी १९९९ रोजी मित्रांनी मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात इंटरनेट जोडलेला संगणक बसवला आणि त्यापाशी कोणालाही नेमले नाही. मुले आपणहून जमली, एकमेकांना विचारत शिकली. हा 'भिंतीतल्या भोकाचा' प्रयोग पुढे कोकणातही आला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या काही गावांत असे उघडे संगणक बसवण्यात आले. तिथल्या मुलांची आठवीच्या संगणक विषयाची परीक्षा घेऊन परिमला इनामदार यांनी २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा विषय त्या मुलांना कोणीही शिकवलेला नव्हता, तरी ती परीक्षा देऊ शकली आणि वर्षभर वर्गात शिकलेल्यांच्या फार मागे राहिली नाहीत. शिक्षकांच्या मनाला हे थोडे लागते, पण लागू द्यावे.

मात्र दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील संशोधक मार्क वॉर्शाउअर यांनी दिल्लीतल्या भिंतीपाशी जाऊन पाहिले. इंटरनेट क्वचितच चालू असे, मुलांचा बहुतेक वेळ खेळांत आणि चित्रे रंगवण्यात जाई, हिंदीतला मजकूर नव्हता आणि दांडगी मुले पुढे राहिल्याने मुली मागे पडत. किल्लीच ठेवली नाही की किल्ली जोरकसाच्या हाती जाते, असा त्याचा अर्थ. आणि भिंतीतले यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणे कोणाचेच काम नसते.

डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने 'शाळांमध्ये आयसीटी' ही योजना सुरू केली. महाराष्ट्रात ती राबवताना खाजगी कंपनीने प्रयोगशाळा उभारायची, कंत्राटी शिक्षक नेमून पाच वर्षे चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची, अशी रीत ठेवण्यात आली. कागदावर ही रीत वाईट नव्हती. कुलूप निदान रोज उघडत होते. पण पाच वर्षांनी करार संपला की संगणक जुने झालेले आणि ते शिकवणारा तरुण घरी बसलेला. त्या शिक्षकांची आंदोलने वाचकांना आठवत असतील.

विजेचा विषय इथेच सांगून टाकतो. जुन्या काचेच्या पडद्याचा संगणक दीडदोनशे वॅट खातो. असे दहा संगणक दिवसाला दोन तास चालवले तर महिन्याला ऐंशीएक युनिट होतात. ही काही फार नव्हेत. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळांना पुष्कळ वर्षे वीज वाणिज्यिक दराने मिळत होती, बिलासाठी वेगळी तरतूद नसे, आणि थकबाकीपोटी जोडणी तुटलेल्या शाळा राज्यात कितीतरी होत्या. ग्रामीण भागातल्या दहाबारा तासांच्या भारनियमनाचे दिवसही तेच. देणगीदार यंत्र देतो, बिल देत नाही. बिलाला शिला नसते ना!

या पार्श्वभूमीवर आपल्या रायगड जिल्ह्यातला एक प्रयोग बारकाईने पाहण्याजोगा आहे. कर्जतजवळची खैराटची शाळा. पहिली ते चौथीचे वर्ग, एक खोली, एक शिक्षक, वीसबावीस मुले. २००७ च्या पावसाळ्यानंतर इथे प्रत्येक मुलाला एक हिरवापांढरा छोटा संगणक देण्यात आला. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक चळवळीचा हा भारतातला पहिला प्रयोग. केंद्रीय शिक्षण खात्याने आदल्याच वर्षी ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद म्हणून नाकारली होती. त्यामुळे खैराटकडे पुष्कळांचे लक्ष होते.

यंत्र मोठ्या हुशारीने बनवलेले होते. काचेच्या पडद्याच्या संगणकाला दीडशे वॅट लागत, तर याला काही वॅट पुरत. अख्ख्या शाळेचे संगणक मिळून जुन्या शंभराच्या बल्बएवढी वीज. पडदा उन्हातही वाचता येई. जवळपासची यंत्रे एकमेकांशी बिनतारी जोडली जात. पण त्यामागचे मूळ तत्त्व यंत्राहून धीट होते : लॅपटॉप मुलाच्या मालकीचा आणि तो घरी न्यायचा. एका फटक्यात डेडस्टॉक रजिस्टर आणि कुलूप दोन्ही बाद! सीमूर पेपर्ट यांचा विचार याच्या मुळाशी होता. काही तरी करून पाहताना, बनवून पाहताना मूल शिकते आणि त्यासाठी साधन हाताशी सतत हवे, तासिकेपुरते नव्हे. एकशिक्षकी शाळेत याला खास अर्थ आहे. चार वर्गांपैकी तीन वर्ग नेहमीच स्वतःचे स्वतः काही करत बसलेले असतात, हे ज्याने अशी शाळा चालवली आहे त्याला सांगावे लागत नाही.

खैराटचा प्रयोग महाराष्ट्रभर पसरला नाही. मुलांकडून काही चूक झाली म्हणून नव्हे. शंभर डॉलरचे म्हणून गाजलेले यंत्र प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेले आणि राज्यभरच्या मुलांना ते देण्याचा खर्च कोणी अंगावर घेतला नाही. मोठ्या प्रमाणावर ही कल्पना तपासली गेली ती पेरू देशात. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या मुलांची गणितात व भाषेत इतरांहून अधिक प्रगती आढळली नाही. सर्वसाधारण विचारक्षमतेच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते, आणि यंत्र वापरून गणित कसे शिकवावे यावर शिक्षकांची फारशी तयारी झाली नव्हती. मला स्वतःला हा निकाल अपेशाचा वाटत नाही. किल्ली मुलाच्या हाती दिली, पण कोणते दार उघडायचे ते सांगायला कोणी नव्हते, एवढेच त्यातून दिसते.

त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रात पुढाकार घेतला तो जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी कमी खर्चाचा डिजिटल वर्ग उभा केला आणि तो पाहायला राज्यभरचे शिक्षक गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून पालकांच्या फोनमधून धडा ऐकवण्याची त्यांची कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. या कल्पनेत शाळेला यंत्र विकतच घ्यावे लागत नाही. ते घरात असते.

घरात असते म्हणजे मुलाला मिळते का? शाळा बंद पडल्या तेव्हा हे कळले. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुले २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. २०२१ च्या पाहणीत मात्र असेही आढळले की घरी फोन असलेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांना तो अभ्यासाला अजिबात मिळत नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जातो. कुलूप शाळेतून निघाले ते खिशात गेले. शिवाय आपल्या डोंगरी भागात फोन हातात असून भागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही तेच घडले. रस्ते आणि फोन दोन्ही बंद पडल्याने मदत पोचायला वेळ लागला. ज्या मुलखात संकटाची बातमीही तारेवरून बाहेर पडत नाही तिथे धडा आत कसा यायचा?

यावरचा सरकारी उपाय म्हणजे प्रकाशतंतूची तार. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ती नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे 'भारतनेट' नाव मिळाले. तार पंचायतीच्या कचेरीत येऊन थांबते; कचेरीपासून शाळेपर्यंतचे दोनचारशे मीटर कोणी जोडायचे, हा प्रश्न गावोगावी राहिला. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व शासकीय माध्यमिक शाळांना भारतनेटने जोडण्याची घोषणा झाली. ती ऐकून अनेकांना आनंद झाला. पण आपल्याकडची शाळांची रचना आठवून पाहा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शासनाच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या, शाळा प्रामुख्याने प्राथमिक आहेत. माध्यमिक शाळा बहुतांशी खाजगी अनुदानित संस्थांच्या आहेत. घोषणेतले 'शासकीय' आणि 'माध्यमिक' हे दोन्ही शब्द एकदम लागू पडतील अशा शाळा पोलादपूरसारख्या तालुक्यात किती निघतील? कापड्याच्या रस्त्याला असलेल्या शिक्षकमित्रांनी ही यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागून पाहावी. मुंबईचे मंडळ टेम्पो भरण्याआधी मागितली तर अधिक बरे.