पेशीच्या पोटांतील पिशव्या

आपल्या शरीरांतील पेशी नित्य नवीं प्रथिनें घडविते आणि जीर्ण झालेलीं मोडून टाकते. हें मोडण्याचें काम पेशींत नेमकें कोठें चालतें, याचा पत्ता मनुष्यास एका फसलेल्या प्रयोगामुळें लागला.

१९४९ सालचा डिसेंबर महिना. बेल्जममधील लूव्हें येथें क्रिस्तियां द दूव्ह हे इन्सुलिनच्या कार्याचा शोध घेत होते. उंदराचें यकृत हलक्या हातानें वाटून त्यांनीं त्यांतील एक एन्झाइम मोजलें. तें अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकें भरलें. तोच द्रव शीतपेटींत ठेवून पांच दिवसांनीं पुन्हां मोजला, तों एन्झाइम पुरतें भरलें! मापांत चूक झाली म्हणून भांडें धुवून टाकणें किती सोपें होतें! वर्गांत प्रयोग फसला कीं मी स्वतः तेंच करीत असें, हें आज कबूल करतों. द दूव्ह यांनीं निराळा तर्क केला. एन्झाइम नाहींसें झालें नव्हतें. तें पातळ पडद्याच्या पिशवींत कोंडलेलें होतें. पांच दिवसांत पडदे फाटले आणि तें बाहेर आलें. पुढें त्याच पिशव्यांत आणखीहि एन्झाइमें सांपडलीं, सर्व आम्ल द्रवांत काम करणारीं. १९५५ सालीं या पिशव्यांस ‘लायसोसोम’ हें नांव मिळालें.

येथें एक शंका येते. हीं एन्झाइमेंहि प्रथिनेंच. तीं पिशवींत पोंचतात कशीं? त्यांची वाट ज्या भागांतून जाते, तो इटलींतील पाव्हिया येथें कामिल्लो गोल्जी यांनीं १८९८ सालींच घुबडाच्या मेंदूंत पाहिला होता. रुप्याच्या क्षारानें दिसणारें तें जाळें म्हणजे रंगाचाच खेळ, असें पुष्कळ पंडित अर्धें शतक म्हणत राहिले. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें तो वाद मिटविला.

ही नुसती पंडितांची करमणूक नव्हे. १९३२ सालीं पोंपे या डच डॉक्टरांनीं सात महिन्यांच्या एका मुलीच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. तिचें हृदय फुगलें होतें व त्यांत ग्लायकोजेन सांचलें होतें. कारण कळण्यापूर्वींच, १९४५ सालीं, गुप्त प्रतिकारांत भाग घेतल्यामुळें नाझींनीं पोंपे यांस गोळ्या घातल्या. १९६३ सालीं द दूव्ह यांचे सहकारी एर्स यांनीं दाखविलें कीं, अशा बालकांच्या त्या पिशव्यांत एक एन्झाइम जन्मतःच नसतें. तें शिरेवाटे देण्याचें औषध २००६ सालीं मान्य झालें. बाहेरून आलेलें तें प्रथिन पेशी आंत ओढून घेते व आपल्याच वाटांनीं पिशव्यांपर्यंत पोंचविते. पूर्वीं अशीं मुलें बहुधा पहिला वाढदिवसहि पाहत नसत. आतां त्यांतील कांहीं शाळेंत जाऊं लागलीं आहेत.