भारित खर्च : न्यायालयीन देणी

राज्य शासनाविरुद्ध न्यायालयाने किंवा लवादाने दिलेला निर्णय, हुकूमनामा वा निवाडा पुरा करण्यासाठी लागणारी रक्कम. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०२(३) नुसार हा खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो. राज्यपालांचे वेतन व भत्ते, विधानमंडळाच्या पीठासीन अधिकाऱ्यांचे वेतन, कर्जावरील व्याज आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन यांच्याच पंगतीत संविधानाने या देण्यांना बसवले आहे. तरतूद मुळात १९३५ च्या भारत सरकार अधिनियमातली. तिथे प्रांतांपुरती ती कलम ७८ मध्ये होती.

भारित खर्चावर सभागृहात मतदान होत नाही. अनुच्छेद २०३ नुसार त्यावर चर्चा करता येते. कपात सूचनेची कात्री मात्र दत्तमत, म्हणजे मतदानाला येणाऱ्या, मागण्यांनाच लागते. अनुच्छेद २०४ प्रमाणे विनियोजन विधेयकात भारित रकमेत फेरफार करणारी दुरुस्तीही मांडता येत नाही. शासनाने हरलेल्या दाव्याचे पैसे द्यायचे की नाहीत, हे बहुमताने ठरू नये, हा यामागचा हेतू. तरीही रक्कम विनियोजन कायद्यात यावीच लागते. त्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. विधानमंडळाकडे नकाराचा अधिकार नाही, पण वाट मात्र त्याच्याच दारातून जाते.

दाव्यांचा निकाल अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकाप्रमाणे लागत नाही. हुकूमनामा आला की संबंधित विभाग अपील करायचे की नाही यावर विधी व न्याय विभागाचे मत घेतो, मग फाइल वित्त विभागाकडे जाते. चालू वर्षाच्या तरतुदीत रक्कम बसत नसेल तर अनुच्छेद २०५ खाली पुरवणी मागणी करावी लागते, म्हणजे पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबणे आले. फारच निकड असेल तर आकस्मिकता निधीतून अग्रिम घेऊन नंतर पुरवणी मागणीद्वारे त्याची भरपाई करतात.

कायद्यानेही शासनाला थोडी उसंत दिली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि कलम ८२ नुसार हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिने रक्कम थकल्याशिवाय त्याची अंमलबजावणी सुरू होत नाही. मुदत सरली की धनको दरखास्त दाखल करतो. बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात येतो. खुर्च्या, संगणक, कधी साहेबांची गाडी यादीत घेतली जाते. मग लेखी हमी देऊन मुदत मागितली जाते. महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांना ही बातमी नवी नाही आणि तिच्या मुळाशी बहुतेकदा भूसंपादनाचा वाढीव मोबदला असतो.

या मोबदल्यातच विलंबाची खरी किंमत दिसते. २०१४ पासून रद्द झालेल्या १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम २८ नुसार न्यायालयाने वाढवलेल्या रकमेवर, ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यापुढे १५ टक्के दराने व्याज देता येत असे. दहा लाखांच्या वाढीवर पहिल्या वर्षी ९० हजार, मग दरवर्षी दीड लाख. पाच वर्षांत ६ लाख ९० हजार. हे व्याजही हुकूमनाम्याचाच भाग असल्यामुळे तेही भारितच. म्हणजे विभागाच्या दिरंगाईचा भुर्दंडही मतदानाला येत नाही. त्यावर आमदारांना बोलता येते, एक रुपयाही कमी करता येत नाही. भार टाकताना ऋणकोच्या आळसालाही हे संरक्षण मिळेल, याचा विचार झालेला दिसत नाही.

भाराची व्याप्ती राज्यापुरतीच आहे. महानगरपालिका, जिल्हा परिषद किंवा सिंचन महामंडळ यांच्याविरुद्धचा हुकूमनामा राज्याच्या निधीवर आपोआप भारित होत नाही. त्या संस्थेने तो आपल्या पैशातून भागवायचा असतो आणि शासनाने तिला अनुदान द्यायचे ठरवले तर ते मतदानातून जाते. न्यायालयाबाहेरच्या तोंडी समझोत्यालाही हा दर्जा नाही. लोकअदालतीचा निवाडा मात्र १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ नुसार दिवाणी हुकूमनामाच समजला जातो.

विधानमंडळाला निकालाचा पाया असलेला कायदा बदलता येतो, केवळ पैसे द्यायचे नाहीत म्हणून निकाल पुसून टाकता येत नाही. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या बोनसबाबत संसदेने १९७६ मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने मदन मोहन पाठक खटल्यात (१९७८) टिकू दिला नाही. रिट अधिकारातील भरपाईमुळे या देण्यांचे क्षेत्र वाढले : बिहारमध्ये निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना १९८३ मध्ये एकूण ३५ हजार, तर ओडिशातील कोठडी मृत्यूबद्दल नीलाबती बेहेरा यांना १९९३ मध्ये दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने एका जलविद्युत कंपनीच्या ६४ कोटींच्या थकीत देण्यापोटी दिल्लीतले हिमाचल भवन जप्त करण्याचा आदेश दिला. खंडपीठाने त्याला पुढे स्थगिती दिली.

अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळी रीत आहे. फ्लोरिडात ठरावीक मर्यादेपलीकडच्या भरपाईसाठी फिर्यादीला विधिमंडळाकडून स्वतंत्र दावा विधेयक मंजूर करून घ्यावे लागते आणि ते फेटाळण्याचा अधिकार विधिमंडळाला असतो. तिथल्या संघ सरकारने मात्र १९५६ मध्ये न्यायनिर्णयांसाठी कायमस्वरूपी निधी निर्माण केला; त्यातून देण्यासाठी दरवेळी काँग्रेसकडे जावे लागत नाही. भारतीय राज्यांची पद्धत या दोहोंच्या मधली : नकार नाही, पण कायम निधीही नाही.