घरी बांधलेल्या ट्रॅक कारमधील स्टिअरिंग भूमिती

वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा लहान वर्तुळात फिरते, म्हणून त्याला जास्त वळावे लागते. म्यूनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१७ मध्ये त्यासाठीची रचना मांडली. लंडनमधील पेटंट १८१८ साली रूडोल्फ आकरमान यांनी घेतले आणि नाव त्यांचेच टिकले.

ब्रिटनमधील हौशी मंडळी १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर गॅरेजात ‘लोकॉस्ट’ गाड्या बांधतात. त्यांत बहुधा जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा स्टिअरिंग रॅक बसतो, आणि खरी कसोटी इथेच लागते. रॅकची लांबी व उंची विशबोनच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या हाताच्या) आतल्या सांध्यांशी जुळली नाही, तर उंचवट्यावर चाक आपोआप वळते. हाच बंप स्टिअर. स्प्रिंग काढून, चाक जॅकने टप्प्याटप्प्याने उचलत टो (चाकाचा आत किंवा बाहेर रोखलेला कोन) मोजला की दोष उघड होतो. मग रॅक वर-खाली सरकवतात किंवा रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडच्या बाहेरच्या सांध्याशी चकत्या घालतात.

आकरमानचे प्रमाण, म्हणजे आतले चाक बाहेरच्यापेक्षा किती जास्त वळते, ते त्यानंतर पाहावे. वेगात टायर थोडे घसरतच वळतात, त्यामुळे कागदावरचे अचूक कोन ट्रॅकवर तितके निर्णायक नसतात.

टाय रॉड ज्याला जोडला जातो तो चाकाकडचा स्टिअरिंग आर्म मात्र घरी तापवून वाकवू नये, वेल्डही करू नये. तो तुटला, तर गाडीवर ताबाच राहत नाही.