घराचा नकाशा साक्ष देतो तेव्हा

भिंती, दारे, जिने यांच्या रचनेवरून एखाद्या गुन्ह्याचा उलगडा होऊ शकेल का? आणि नकाशाच्या साक्षीवर आपण कितपत विसंबावे? शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एक खटला या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर हे त्या काळी कापडगिरण्यांचे शहर होते. तेथे ४ ऑगस्ट १८९२ रोजी सकाळी अँड्र्यू बोर्डेन हे सधन गृहस्थ आणि त्यांची दुसरी पत्नी अ‍ॅबी यांचे राहत्या घरात खून झाले. हत्यार कुऱ्हाडीसारखे होते. त्या वेळी घरात वा आवारात होत्या त्या फक्त अँड्र्यू यांची पहिल्या पत्नीपासूनची ३२ वर्षांची मुलगी लिझी आणि घरकाम करणारी ब्रिजेट. थोरली मुलगी एमा परगावी गेली होती. रात्री मुक्कामाला असलेले मामा सकाळीच बाहेर पडले होते. आठवड्याभरात लिझीला अटक झाली.

प्रथम काळाचा विचार करू. अँड्र्यू यांचा मृतदेह सव्वाअकराच्या सुमारास तळमजल्यावरील बैठकीच्या खोलीत आढळला, तेव्हा शरीर ऊबदार व रक्त ताजे होते. वरच्या मजल्यावरील पाहुण्यांच्या खोलीत पडलेल्या अ‍ॅबी यांचे शरीर मात्र थंडावू लागले होते आणि रक्त गोठले होते. हार्वर्डचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड वुड यांनी दोघांच्या जठरांची तपासणी केली. न्याहारी दोघांनी एकाच वेळी केली होती, पण अँड्र्यू यांच्या जठरातील अन्नाचे पचन बरेच पुढे गेलेले होते. म्हणजे अ‍ॅबी आधी गेल्या, सुमारे दीड तास आधी. मग या दीड तासात खुनी कोठे होता? येथे नकाशा पुढे येतो.

हे घर मुळात दोन बिऱ्हाडांसाठी बांधलेले होते. त्यामुळे वरच्या मजल्यावर सर्व खोल्यांना जोडणारा बोळ नव्हता. आपल्याकडील काही जुन्या घरांप्रमाणे एका खोलीतून दुसरीत जावे लागे. पुढच्या जिन्याने वर गेले की लिझीची खोली आणि पाहुण्यांची खोली लागे. एमाच्या खोलीची वाट लिझीच्या खोलीतून होती. मागच्या जिन्याने गेले की आईवडिलांची खोली आणि त्यावर ब्रिजेटचा पोटमाळा. लिझीची खोली आणि आईवडिलांची खोली यांच्यामधले दार कायम बंद असे. प्रत्येक खोली हा एक बिंदू आणि प्रत्येक उघडे दार ही एक रेघ असे मानून आकृती काढली, तर वरचा मजला दोन सुट्या तुकड्यांत विभागलेला दिसतो. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचे तर खाली उतरून बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही.

पावणेअकराच्या सुमारास अँड्र्यू घरी परतले तेव्हा पुढचे दार आतून बंद होते. ते ब्रिजेटने उघडले. त्या वेळी लिझीचे हसणे वरून ऐकू आले, असे तिने साक्षीत सांगितले. लिझी जिन्यावर असेल, तर तिला अ‍ॅबीचा मृतदेह दिसला नसेल का? ‘घरात बाहेरचा कोणी लपूच शकत नव्हता’ या तर्काइतकाच हा प्रश्नही तिच्या विरोधात जाणारा होता.

पण खटल्यात नकाशा काढणाऱ्या अभियंत्याची उलटतपासणी झाली. त्याने एका माणसाला मृतदेहाच्या जागी निजवून स्वतः जिना उतरून पाहिले होते. एका ठरावीक पायरीवरून मुद्दाम पाहिले तरच तो माणूस दिसे. कारण साधे आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो. डोळे वरच्या मजल्याच्या जमिनीला समतल असतानाच पलंगाखालून पलीकडचे दिसते. शेजारच्या बाईंना मृतदेह दिसला तो असाच, जिना चढताना. पुढच्या दालनातील अडगळीच्या कपाटात माणूस मावतो, हेही त्या अभियंत्याने करून पाहिले होते. शिवाय ब्रिजेट बाहेरून खिडक्या धूत असताना बाजूचे दार काही काळ कडी न लावलेले होते.

२० जून १८९३ रोजी ज्यूरीने सुमारे दीड तासात लिझीला निर्दोष ठरवले. दुसऱ्या कोणावर कधीच खटला झाला नाही. गावाने मात्र तिला मनातून सोडले नाही. तिने त्याच शहरात १९२७ पर्यंत, मरेपर्यंत, बहुतांशी एकाकी आयुष्य काढले.

नकाशाने येथे नेमके काय सिद्ध केले? बाहेरच्या माणसाला हे कृत्य फार अवघड होते, एवढेच. ‘अवघड’ आणि ‘अशक्य’ यांतील अंतर न्यायाच्या दृष्टीने फार मोठे असते. एखादी वाट बंद आहे असे आकृती सांगू शकते. पण उघड्या वाटेने प्रत्यक्षात कोण गेले, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो, आणि तो येथे नव्हता.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. विद्यार्थ्यांना शाळेचा नकाशा बिंदू-रेघांनी काढायला सांगावा. एखादे दार ‘बंद’ करून कोणत्या वाटा उरतात ते मोजावे. मग कोणत्या पायरीवरून वर्गातील जमीन दिसते, हे स्वतः उभे राहून पडताळावे. कागदावर बरोबर वाटणारे अनुमान किती वेळा चुकते, हे मुलांनीच नोंदवावे. दुसऱ्याला दोषी ठरवण्यापूर्वी पायरीवर उभे राहून पाहण्याची सवय त्यांना लागली, तर या जुन्या खटल्याचा अभ्यास सार्थकी लागला असे आपण म्हणू.