विषानें दाखविलेलें द्वार

इ. स. १७७४ च्या सप्टेंबर महिन्यांत प्रख्यात दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याचें 'रेझोल्यूशन' जहाज पॅसिफिक महासागरांतील न्यू कॅलेडोनिया बेटापाशीं नांगरून होतें. तेथें विकत घेतलेल्या एका अपरिचित माशाचें यकृत व गाबोळी कुक आणि त्याचे सोबती फॉर्स्टर पितापुत्र यांनीं केवळ चाखून पाहिली. पहाटेच्या सुमारास त्यांचे हातपाय बधिर झाले. पाण्यानें भरलेलें भांडें आणि पक्ष्याचें पीस यांच्या वजनांतील भेदही कुकच्या हाताला कळेना. वांतीचें औषध घेऊन ते बचावले. माशाचीं आंतडीं खाल्लेलें डुक्कर मात्र सकाळीं मेलेलें आढळलें.

कोंकणांत ज्याला केंड म्हणतात, त्याच्याच कुळांतला हा मासा. जपानांत हाच फुगू. योशिझुमी ताहारा या जपानी संशोधकानें १९०९ सालीं त्याच्या विषाला 'टेट्रोडोटॉक्सिन' हें नांव दिलें. परंतु तें शरीरांत नेमकें काय करितें, हें कळण्यास मज्जातंतूचें कार्य आधीं उमगणें अवश्य होतें.

१९५२ सालीं हॉजकिन व हक्सले या इंग्रज शास्त्रज्ञांनीं माकुळाच्या जाड मज्जातंतूवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं, संदेश जातांना सोडियमचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, तंतूच्या आवरणांतून आंत शिरतात आणि मागाहून पोटॅशियमचे कण बाहेर पडतात. मात्र या दोहोंची वाट एकच कीं वेगळी, हा प्रश्न उरला.

त्याचें उत्तर विषानें दिलें. १९६४ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तोशियो नाराहाशी व त्याचे सहकारी मूर आणि स्कॉट यांनीं शेवंडाच्या मज्जातंतूवर हें विष सोडलें. सोडियमचा प्रवाह थांबला. पोटॅशियमचा अबाधित राहिला. अर्थात् द्वारें दोन होतीं, आणि विष त्यांतील एकाच्याच बाहेरच्या तोंडाशीं बुचासारखें बसत होतें. पुढें याच विषाच्या खुणेनें सोडियमचीं द्वारें मोजतां आलीं.

या विषावर आजही उतारा नाहीं. रोगी बहुधा शुद्धीवर असतो, पण श्वासाचे स्नायू आज्ञा ऐकत नाहींत. वैद्य यंत्रानें श्वास चालू ठेवतात आणि विष ओसरण्याची वाट पाहतात. एकदां बूच सुटलें, कीं द्वार पूर्ववत् उघडतें. म्हणूनच तेवढे तास श्वास टिकविणें, हाच खरा उपचार होय.