जहाजाचा रंग आणि शंखाची संतती

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांसमोर उभे राहतात. खडकावर सरपटणाऱ्या शंखालाही इतिहास असतो, आणि त्याच्याही नशिबी एक तहनामा आला, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. मुरगाव बंदराच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपणांस तरी तो ठाऊक असावा.

जहाजाच्या तळाला शेवाळ व बार्नेकल चिकटले की वेग मंदावतो आणि इंधनाचा खर्च वाढतो. त्यावर उपाय म्हणून १९६० नंतर ट्रायब्यूटिलटिन या कथिलयुक्त संयुगाचे रंग प्रचारात आले. रंगातील विष हळूहळू पाण्यात उतरे आणि तळाला चिकटू पाहणारा जीव मरे. अफाट सागरात ते विरून जाईल, असा समज होता.

१९७० मध्ये स्टीफन ब्लेबर यांना इंग्लंडमधील प्लिमथ येथे ‘डॉगव्हेल्क’ जातीच्या शंखांच्या माद्यांत नराचे इंद्रिय आढळले. कारण मात्र उमगले नाही. पुढे फ्रान्समधील आर्काशों उपसागरात १९७७ पासून काही वर्षे कालवांची पिल्ले जगेनात; प्रौढ कालवांचे शिंपले बेढब जाड होऊ लागले. कालवांच्या शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या तोंडचा घास गेला. अखेर जानेवारी १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरांहून लहान नौकांना हा रंग लावण्यास बंदी केली, आणि लवकरच पिल्ले पुन्हा धरू लागली. बंदीनेच गुन्हेगार दाखवून दिला. १९८६ मध्ये ब्रायन, गिब्ज प्रभृती शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील शंखांच्या ऱ्हासाचा संबंधही याच विषाशी जोडला. १९८७ मध्ये ब्रिटननेही लहान नौकांपुरती बंदी घातली.

येथे एक मर्म ध्यानात घ्यावे. एका लिटर पाण्यात ग्रॅमचा एक अब्जांश भाग, एवढ्या अल्प मात्रेने शंख मरत नाही. परंतु पेशीच्या केंद्रकात ‘रेटिनॉइड एक्स’ नावाचा एक ग्राही असतो. कोणती जनुके केव्हा जागी व्हावीत, हे ठरविण्यात त्याचा वाटा असतो. हे विष त्या ग्राहीत बनावट किल्लीसारखे बसते, असे जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखविले. मग मादीच्या देहात नराच्या अवयवाची घडण सुरू होते, अंडी बाहेर पडण्याची वाट बुजते आणि मादी निःसंतान मरते. या शंखाची पिल्ले पोहत दूर जात नाहीत. म्हणून एका खडकावरची वस्ती संपली की ती पुन्हा वसण्यास वर्षे लागतात. जनुके तीच राहिली, आज्ञा तेवढी चुकली. आणि वंश खुंटला.

हे सारे परमुलखातच घडले, असे नव्हे. १९९९ मध्ये दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मुरगाव बंदरातील ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या शंखात हाच विकार नोंदविला. ज्याच्या नावातच कोकण आहे, तो जीवही सुटला नव्हता.

या रंगांवर जागतिक बंदी घालणारा करार २००१ मध्ये संमत झाला आणि १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. पहिल्या इशाऱ्यापासून अडतीस वर्षे लोटली होती. प्राणी मरत नाही म्हणजे पदार्थ निर्धोक, या एका समजुतीची ही किंमत होती. नव्या रसायनाला बाजारात सोडताना, ते आज कोणाला मारते एवढेच न पाहता, उद्या कोणाचा वंश खुंटवील, हाही प्रश्न विचारला पाहिजे.