मतदार-माहितीवर आधारित प्रचार (परभणी जिल्हा)

मतदारांची ऑनलाइन व संगणकीय माहिती जुळवून कोणाच्या घरी जायचे, कोणाला फोन लावायचा आणि कोणाला मतदान केंद्रापर्यंत आणायचे, हे आधी ठरवून केलेला प्रचार. जिल्ह्यात जिंतूर, परभणी, गंगाखेड व पाथरी हे विधानसभा मतदारसंघ आहेत. जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी धरून परभणी लोकसभा मतदारसंघ होतो.

यादी : मूळ आधार निवडणूक आयोगाची मतदार यादी. तीत नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, वय, लिंग, घर क्रमांक व ओळखपत्र क्रमांक असतो. मोबाइल नंबर आणि जात नसते. संकेतस्थळावरची यादी शब्द शोधता येईल अशा स्वरूपात मिळावी, ही काँग्रेस नेते कमलनाथ यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. त्यामुळे यादीच्या पानांवरील अक्षरे सॉफ्टवेअरने वाचून प्रचाराच्या ॲपमध्ये भरावी लागतात. नंबर बाहेरून जोडले जातात, जात आडनावावरून ताडली जाते. इथेच ॲप चुकते : जाधव, पवार ही आडनावे मराठा समाजात आहेत, तशी बंजारा तांड्यांवरही. हा घोळ गावातला कार्यकर्ताच निस्तरतो. ‘आपला’, ‘समोरचा’, ‘काठावरचा’ ही खूणही तोच करतो.

केंद्रनिहाय आकडे : मतदानयंत्रांची मोजणी केंद्रवार होत असल्याने कोणत्या गावाने कोणाला किती मते दिली हे उघड होते व पुढच्या प्रचाराची आखणी त्यावर होते. हे टाळण्यासाठी अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ वापरावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात केली.

बाहेरगावचे मतदार : विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी, ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर झाले. ऊसतोडीला वा पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नावे यादीत गावीच असतात. त्यांना गाठायला घर क्रमांक निरुपयोगी, मोबाइल नंबरच हवा.

मतदानाचा दिवस : केंद्रापासून १०० मीटरबाहेरच्या (२०२५ पर्यंत २०० मीटरबाहेरच्या) टेबलावर कार्यकर्ता मोबाइलवर नाव शोधून यादीभाग व अनुक्रमांकाची चिठ्ठी देतो. नियमाने ती साध्या पांढऱ्या कागदाची असावी. तीवर उमेदवाराचे नाव वा चिन्ह चालत नाही.

कायदा : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत, कायद्यानेच जाहीर करावी लागणारी माहिती, जशी मतदार यादी, येत नाही. यादीतल्या नावाला बाहेरून जोडलेल्या मोबाइल नंबराला मात्र ही सूट आपोआप मिळत नाही.